मलिक अंबर: डोंगरात मुरलेला पाऊस शहरात आणणारा वजीर

मलिक अंबर यांचं नाव निघालं की आपल्या घरांतून दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी मुलगा पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, ही पहिली. आणि त्यांनी गनिमी काव्याने मोगल फौजांना पाव शतक झुंजवलं, ही दुसरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, अभिमानाच्या आहेत. तिसरी गोष्ट मात्र एका वाक्यात उरकली जाते: त्यांनी औरंगाबादला नहर बांधली. बस्स. मोठी नदी नाही, बर्फाचे डोंगर नाहीत, मग त्या नहरीत पाणी आलं कुठून? हा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो तेव्हा मुलं एकमेकांकडे पाहतात. खरं सांगायचं तर त्या प्रश्नात मलिक अंबर यांचं अर्धं मोठेपण दडलेलं आहे. म्हणून आज त्यांचं आयुष्य आपण पाण्याच्या बाजूने पाहू.

हबशाहून दख्खनला

त्यांचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशात, म्हणजे आजच्या इथियोपियात झाला. मूळ नाव चापू. लहान वयातच ते गुलामांच्या बाजारात आले. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेलं मोखा बंदर, मग बगदाद, असा त्यांचा प्रवास झाला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने या मुलाची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब आणि कारभाराची जाण दिली आणि अंबर हे नाव ठेवलं. विकत घेतलेल्या पोराला शिकवायचं, ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हती. या शिक्षणाने पुढे एका राज्याचं नशीब बदललं.

१५७० नंतरच्या वर्षांत ते दख्खनला आले. अहमदनगरच्या निजामशाहीत तेव्हा चंगेज खान पेशवा म्हणजे मुख्य प्रधान होते. तेही हबशी, तेही पूर्वी गुलाम राहिलेले. त्यांनी अंबर यांना विकत घेतलं. राज्य कसं चालतं, सरदारांची मनं कशी सांभाळायची, फौजेचा पगार कुठून काढायचा, हे सगळं अंबर यांनी चंगेज खानांच्या हाताखाली शिकून घेतलं. चंगेज खान वारल्यावर त्यांच्या बेगमने अंबर यांना आझाद केलं. त्यानंतर ते काही वर्षं विजापूरला आणि गोवळकोंड्याला नोकरी करत राहिले आणि १५९५ च्या सुमारास जेमतेम दीडशे स्वार सोबत घेऊन अहमदनगरच्या बाजूला परतले.

तेव्हा अहमदनगरवर मोगलांचं संकट होतं. चांदबिबीने किल्ला लढवला, पण १६०० मध्ये किल्ला पडला आणि सगळ्यांना वाटलं की निजामशाही संपली. मलिक अंबर यांना तसं वाटलं नाही. निजामशाही घराण्यातल्या एका तरुणाला त्यांनी मुर्तजा निजामशहा दुसरा म्हणून परांड्यात गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. पुढे राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि मग दौलताबादला आली. आणि १६१० मध्ये दौलताबादपासून जवळच, खडकी नावाच्या लहानशा गावी, त्यांनी स्वतःचं नवं शहर वसवायला घेतलं. तेच आपलं औरंगाबाद, आज ज्याचं सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर आहे.

खडकीचा प्रश्न

नावच बघा ना, खडकी. खडकाळ जागा. शेजारून खाम नदी वाहते, पण ती पावसाळ्यातली नदी. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून चालत जाता येतं. गोदावरी आहे, पण ती दक्षिणेला लांब आणि शहरापेक्षा खूप खाली. त्या काळात ना इंजिन ना मोटार. खालचं पाणी वर चढवायचं तर बैल आणि मोट, दुसरा उपाय नाही. आणि मोटेवर मळा पिकेल, शहर कसं जगेल?

शहर तर मोठं व्हायचं होतं. हबशी आणि दख्खनी फौज होती, कारागीर होते, व्यापारी होते. मराठा सरदार मोठ्या संख्येने सोबत होते. त्यांच्या वस्त्यांना त्यांचीच नावं पडली: मालोजींवरून मालपुरा, खेलोजींवरून खेलपुरा, परसोजींवरून परसपुरा, विठोजींवरून विठापुरा. म्हणजे पाणी एकट्या वाड्याला किंवा एका मशिदीच्या हौदाला लागत नव्हतं, सगळ्या पुऱ्यांना लागत होतं, माणसांना आणि घोड्यांनाही.

मलिक अंबर यांनी उत्तरेकडच्या डोंगरांकडे पाहिलं. वर पाहिलं तर उघडे, तापलेले डोंगर. पाणी त्यांच्या पोटात होतं.

गोडं पाणी येतं कुठून?

इथे जरा थांबू, कारण हा भाग कळला तर नहर कळते.

पृथ्वीवर पाणी अफाट आहे. पण त्यातलं सुमारे ९७ टक्के खारं, समुद्राचं. गोडं पाणी जेमतेम अडीच टक्के. त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं. जे उरतं, त्यातलं जवळजवळ सगळं जमिनीखाली आहे. नद्या आणि तलाव, जे आपल्या डोळ्यांना दिसतात, ते सगळे मिळून गोड्या पाण्याच्या एक टक्कासुद्धा भरत नाहीत. म्हणजे न गोठलेलं गोडं पाणी पाहायचं असेल तर पायाखाली पाहावं लागतं.

आणि हे पायाखालचं पाणी आलं कुठून? वरून. उन्हाने समुद्राचं पाणी तापतं, त्याची वाफ होते. वाफेबरोबर मीठ जात नाही, ते समुद्रातच राहतं. पाणी गोडं होण्याचा कारखाना तो हाच. ती वाफ वाऱ्यावर बसून जमिनीवर येते, ढग होतात, पाऊस पडतो. आपल्याकडे नैऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्रीवर बहुतेक ओझं उतरवतो, आणि उरलेलं मराठवाड्याच्या वाट्याला येतं. औरंगाबादला वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

पडलेल्या पावसातला काही भाग वाहून जातो, काही उन्हाने उडतो, काही झाडं पितात. आणि काही भाग मुरतो. आपला दख्खनचा खडक म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. काळा कातळ घट्ट असतो, पण त्याला भेगा असतात. मधे मधे झिजलेला, भुसभुशीत मुरूम असतो. पाणी मुरमातून आणि भेगांतून खाली उतरतं, घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि उतारावर कुठेतरी पाझर म्हणून बाहेर येतं. विहीर खणताना आपले लोक झरा लागला म्हणतात, तो हाच चालता पाऊस. जुलैत पडलेला पाऊस डोंगराच्या पोटात हळूहळू सरकत राहतो आणि मार्च-एप्रिलमध्येही थेंब थेंब देत राहतो.

आज हे पाचवीच्या पुस्तकात आहे. पण एके काळी मोठमोठ्या विद्वानांचा समज असा होता की समुद्राचंच पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून डोंगरापर्यंत चढतं आणि झऱ्यातून बाहेर पडतं. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अल-करजी या गणितज्ञाने दडलेलं पाणी कसं शोधावं यावर अरबीत एक पूर्ण पुस्तक लिहिलं. पाऊस आणि बर्फ हाच भूगर्भातल्या पाण्याचा मुख्य आधार, हे त्यात आहे. पाणी असल्याच्या खुणा कोणत्या, जमिनीचा उतार कसा मोजायचा, जमिनीखालून कालवा कसा न्यायचा, हेही आहे. ते अरबी पुस्तक विसाव्या शतकात छापून निघालं आपल्याच दख्खनमध्ये, हैदराबादच्या दायरतुल मआरिफमधून. युरोपात फ्रान्सच्या पिएर पेरो यांनी सीन नदीच्या वरच्या खोऱ्यातला पाऊस मोजून तो नदीच्या पाण्याच्या सहापट असल्याचं १६७४ मध्ये दाखवून दिलं. नदीला पुरून उरेल इतका पाऊस पडतो, समुद्राच्या बोगद्यांची गरज नाही, हे त्यातून सिद्ध झालं. मलिक अंबर यांची नहर त्याच्या अर्धशतक आधीपासून वाहत होती.

नहर कशी चालते

जमिनीखालून पाणी नेण्याची ही विद्या इराणातून पसरली. तिथे तिला कनात किंवा कारेझ म्हणतात. दख्खनच्या सुलतानांना ती माहीत होती. बिदर आणि विजापूरला तिचे नमुने आहेत, आणि खुद्द अहमदनगरलाही निजामशाहीच्या काळात डोंगराकडून खापरी नळांनी पाणी येत असे. मलिक अंबर बगदादला राहिले होते, अहमदनगरला वाढले होते. ही विद्या त्यांनी एका अख्ख्या नव्या शहरासाठी वापरली. १६१७ च्या सुमारास जी नहर तयार झाली तिला नहर-ए-अंबरी म्हणतात.

तिची कल्पना सांगायला सोपी, करायला महाकठीण. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे मुरलेलं पाणी सापडतं, तिथे जमिनीखाली एक आडवा बोगदा खणायचा. आजूबाजूचं पाणी पाझरून त्यात उतरतं. मग तो बोगदा अगदी हलक्या उताराने शहराच्या दिशेने न्यायचा. उतार जास्त झाला तर पाणी जोराने वाहून बांधकाम खाईल. कमी झाला तर पाणी तुंबेल, गाळ साचेल. दिवा घेऊन जमिनीखाली काम करणाऱ्या बेलदारांनी तो उतार कित्येक किलोमीटर सांभाळला. माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल असा हा चुन्या-विटांचा मार्ग, आणि ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं, म्हणजे हवा जाईल आणि गाळ काढता येईल.

शहराजवळ आल्यावर पाणी खापरी नळांतून वाटलं जायचं. मशिदींचे हौद, वाड्यांतली कारंजी, मोहल्ल्यातले पाणवठे, सगळीकडे. उंच सखल जागा आली की पाणी बंबात, म्हणजे दगडी मनोऱ्यात चढवत आणि तिथून पुढे सोडत. मागच्या पाण्याच्या दाबाने पाणी वर चढतं, त्याला कोणी ढकलावं लागत नाही. तेल नाही, वीज नाही, बैलही नाही. पाऊस डोंगरावर उंच पडलेला असतो, त्या उंचीचंच बळ पाण्याला शहरापर्यंत आणतं.

एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. नहर डोंगराकडून तेवढंच घेते जेवढं डोंगर स्वतःहून देतो. बोगद्याच्या पातळीच्या खालचं पाणी तिला ओढताच येत नाही. पावसाचं साल चांगलं असेल तर धार मोठी, दुष्काळ असेल तर बारीक. हिशेब रोज आपोआप होतो, उधारी चढत नाही.

दुश्मनांनीही तेच केलं

याच वर्षांत तिकडे बुऱ्हाणपूरला मोगलांचे सेनापती अब्दुर्रहीम खान-ए-खानान होते. मलिक अंबर यांचे रणांगणावरचे प्रतिस्पर्धी. त्यांच्याच अमलात बुऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमारास कुंडी भंडारा तयार झाला. सातपुड्यातून मुरून येणारं पाणी विहिरींच्या रांगेने, जमिनीखालून शहरात. एकमेकांवर तोफा रोखलेल्या दोन माणसांनी पाण्याच्या बाबतीत एकच वाट धरली होती. कारण पाऊस दोघांच्याही डोंगरांवर सारखाच मुरत होता.

पाण्याची ताकद मलिक अंबर यांना युद्धातही माहीत होती. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजा अहमदनगरजवळ भातवडीला आल्या, तेव्हा त्यांनी तिथल्या तलावाचा बांध फोडला. वाटा चिखलाने भरल्या, शत्रूच्या तोफा आणि जनावरं रुतली, आणि संख्येने कमी असलेली निजामशाही फौज जिंकली. त्या लढाईत शहाजीराजे भोसले त्यांच्या बाजूने लढले होते. ज्या हातांनी शहराला पाणी दिलं, त्याच हातांनी ते शत्रूवर सोडलंही.

जहांगीर बादशहाला हा माणूस इतका सलत होता की त्याने अंबर यांच्या कापलेल्या डोक्यावर आपण बाण मारत आहोत असं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात ते डोकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही. खडकी मात्र लागली. १६१६ मध्ये मोगल फौजेने शहर जाळलं, लुटलं. १६२१ मध्ये पुन्हा उद्ध्वस्त केलं. दोन्ही वेळा शहर पुन्हा उभं राहिलं. घरं जळतात, छपरं पडतात, पण पाणी जिथे येतं तिथे माणसं परत येतात.

मलिक अंबर लढत असतानाच राज्यही चालवत होते. त्यांची जमीन महसुलाची पद्धत महाराष्ट्रात बराच काळ नावाजली गेली. जमिनीचा कस आणि उभं पीक पाहून सारा ठरवायचा, ही तिची मुख्य बाजू. ज्या मुलखात पाऊस एक वर्ष देतो आणि एक वर्ष रडवतो, तिथे शेतकऱ्याला जगवायचं तर असाच हिशेब लागतो.

१६२६ च्या मे महिन्यात, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, त्यांचं निधन झालं. खुलताबादला त्यांची कबर आहे. दहा वर्षांत निजामशाही संपली. त्यांनी ज्यांच्याशी जन्मभर झुंज दिली, त्या मोगलांचा शहजादा औरंगजेब १६५३ नंतर याच खडकीत राहू लागला आणि शहराला त्याचं नाव पडलं. राज्य गेलं, नाव बदललं, दुश्मन मालक झाला. नहर वाहत राहिली. पुढे तिच्याच धर्तीवर शहरात आणखी नहरी आल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीला आलेली नहर त्यातलीच. डोंगरातून आलेलं ते पाणी उंच चढून खाली पडायचं आणि त्याच्या जोरावर मुसाफिरांसाठी, फकिरांसाठी दळण दळलं जायचं.

मग आज काय?

आज या शहराचं पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून. धरण शहरापेक्षा सुमारे शंभर मीटर खाली आहे. ते पाणी मोटारी लावून रात्रंदिवस वर चढवावं लागतं, आणि तरी कित्येक वस्त्यांत नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं. घरोघरी पिंप, टाक्या, टँकरची वाट. यात आयाबहिणींचे किती तास जातात ते आपण सगळे जाणतो.

नहरींचं काय झालं? त्यांच्यावर घरांचे पाये आले, रस्ते आले. कुठे सांडपाणी शिरलं, कुठे तोंडं बुजली. ज्या डोंगरउतारावर पाऊस मुरायचा तिथे प्लॉट पडले, सिमेंट पडलं. आता पाऊस मुरत नाही, गटारातून धावत सुटतो. काही नहरींत आजही थोडं पाणी आहे, ही डोंगराची मेहरबानी. पण नुसती नहर दुरुस्त करून भागणार नाही. नहर म्हणजे फक्त रस्ता. पाणी बनवणारी ती नव्हेच. डोंगर प्यायला नाही तर नहर काय देणार? आणि उरलेल्या पाण्यासाठी आपण बोअर मारतो. पहिलं आटलं की दुसरं, आणखी खोल. नहर उधारी करत नव्हती, बोअर उधारीवरच चालतं.

आपण सामान्य माणसं चार किलोमीटरचा बोगदा खणू शकत नाही. पण मलिक अंबर यांचं मूळ गणित आपल्या गच्चीवरही लागू पडतं. शंभर चौरस मीटरची गच्ची आणि सातशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे वर्षाला सत्तर हजार लिटर गोडं पाणी. थोडं वाया गेलं तरी पन्नास हजाराच्या पुढे. ते गच्चीवरून पाइपने खाली आणून, गाळून, आपल्या बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडायला एका घराला परवडेल इतकाच खर्च येतो. आणि आपल्या मशिदींची, मदरशांची, शाळांची छपरं तर याच्या कितीतरी पट मोठी आहेत. वुजूचं पाणी तुलनेने स्वच्छ असतं. तेही गटारात सोडण्याऐवजी बागेत, जमिनीत मुरवता येतं.

मलिक अंबर यांच्या नावाने जलसे होतात, भाषणं होतात, पोरांना त्यांचा फोटो दाखवला जातो. हे व्हायला हवं. पण पुढच्या वेळी मोहल्ल्याच्या बैठकीत हा विषय निघाला, तर एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या मशिदीच्या छपरावरचं पावसाचं पाणी सध्या कुठे जातं? उत्तर गटारात असं आलं, तर जून उजाडायच्या आत एक प्लंबर, एक गवंडी आणि दोन तरुण पोरं कामाला लावा. एवढं झालं तरी पुष्कळ झालं.